झिजलेले नाणे आणि चुकलेली पोथी



चिटणिसांनी फलकावर आजचा विषय ‘संशोधनाची क्षेत्रे’ असा लिहिला आहे. तो सुचवला मीच. पण फलकावर वाचल्यावर माझीच छाती दडपली. आपल्या विद्यापीठांतून आज कशाकशावर संशोधन चालते ह्याची नुसती यादी वाचायची म्हटली, तरी ही व्याख्यानमाला पावसाळ्यापर्यंत लांबवावी लागेल. कोणी गव्हावरच्या तांबेऱ्याच्या मागे आहे, कोणी नदीकाठी अश्मयुगातल्या दगडी पात्या वेचतो आहे, कोणी जात्यावरच्या ओव्या जमवते आहे, तर कोणी गणितातला असा एखादा प्रश्न धरून बसला आहे की तो समजणारी माणसे जगात मूठभरच निघावीत.

काल वाचनालयाच्या पायरीवर एका स्नेह्यांनी मला गाठले. म्हणाले, “मास्तर, ह्या मंडळींचा एकमेकांशी काही संबंध आहे का हो? आणि आमच्या पैशावर हे चालायचे किती दिवस?” प्रश्न रोखठोक आहे आणि कर भरणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा अधिकारही आहे. त्यावर ‘आज ना उद्या उपयोग होईलच’ हे ठराविक उत्तर मी देणार नाही, कारण ते खरे नाही. पुष्कळ संशोधनाचा उपयोग कधीच होत नाही. केवळ पदवीसाठी लिहिलेले काही प्रबंध तर परीक्षकांनी तरी शेवटपर्यंत वाचले असतील की नाही, अशी शंका येते. पण स्नेह्यांच्या प्रश्नाचा पहिला भाग, संबंधाचा, तो मात्र मला रात्रभर सोडीना. त्याविषयीच बोलतो.

मी आयुष्यभर शाळेत शिकवले. वर्गातल्या दोन मुलांची उत्तरे बरोबर आली तर मास्तरला काही कळत नाही. दोघांनीही अभ्यास केला असेल. पण दोघांच्या वहीत एकच चमत्कारिक चूक निघाली, की ती दोघे कोणत्या बाकावर बसली होती हे पाहावे लागते. बरोबर उत्तर मुका साक्षीदार असते, चूक मात्र बोलते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे सोपे जाईल.

पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. १९१९ च्या एप्रिलमध्ये खुद्द डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते तेथे महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा आरंभ झाला. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यासाठी एक लाख रुपयांचे वचन दिले होते. त्या काळचा लाख रुपया म्हणजे केवढा, ते येथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. पुढे १९२५ साली हे काम विष्णु सीताराम सुकथनकरांच्या हाती आले. हे गृहस्थ मुळात केंब्रिजला गणित शिकलेले, आणि मग बर्लिनला जाऊन संस्कृताकडे वळलेले.

काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. एका मोठ्या तक्त्यावर वर एक श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ, आणि ज्या अक्षराला त्या पोथीत फरक असेल तेवढ्याच चौकटीत तो टिपायचा. असे सगळ्या महाभारतासाठी! काश्मीरच्या शारदा लिपीतल्या, बंगालच्या, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम लिपींतल्या पोथ्या आल्या. सगळ्या मिळून १,२५९ हस्तलिखिते वापरली गेली. एका लिपिकाराने एक शब्द चुकवला की त्याच्या पोथीवरून नकला करणाऱ्या सर्वांच्या लेखणीत ती चूक उतरते. म्हणून समान चुकांवरून पोथ्यांची घराणी लावता येतात. कोण कोणाची लेक, कोण चुलत बहीण, ते सांगता येते.

महाभारताचे प्रकरण मात्र इतके सरळ नव्हते. लिपिकारापुढे पुष्कळदा दोन पोथ्या असत. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे, आणि कीर्तनात ऐकलेले थोडे पदरचे, असा त्याचा मामला! अशा संकराने घराण्याची वंशावळ बिघडते. तेव्हा सुकथनकरांनी असे धरले की एकमेकींशी ज्यांचा संपर्क आला नाही अशा दूरदूरच्या शाखा जेथे एकमुखाने बोलतात, तेथे पाठ जुना. ह्या कसोटीवर, व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही आपणा सर्वांची लाडकी कथाही टिकली नाही; ती परिशिष्टात ठेवावी लागली. गणेशोत्सवाच्या पुण्यात बसून हे करायला काही धैर्य लागले असेल! सुकथनकर १९४३ च्या जानेवारीत गेले. काम पुढे बेलवलकरांनी आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्यांनी नेले, आणि १९६६ साली ते पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षे. ज्यांनी आरंभ केला त्यांतल्या बहुतेकांनी शेवट पाहिला नाही.

आता त्याच पुण्यात, तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, फर्ग्युसन महाविद्यालयात एक गणिताचे प्राध्यापक होते : दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७ चा, गोव्यातला. शिक्षण अमेरिकेत हार्वर्डला. वडील बौद्ध धर्माचे प्रख्यात अभ्यासक धर्मानंद कोसंबी. ह्यांना संख्याशास्त्र शिकायचे होते. पुस्तकातली उदाहरणे सोडवून ते समाधान पावले असते तर ते कोसंबी कसले? त्यांनी खरा प्रश्न घेतला, तो तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या जुन्या नाण्यांचा. ह्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. सूर्य, हत्ती, डोंगर असले ठसे तेवढे आहेत. कालक्रम लावायचा कशावरून?

कोसंबींनी ती नाणी एकेक करून अचूक तराजूत तोलली. विचार असा : टाकसाळीतून निघताना सर्व नाणी जवळपास एका वजनाची असतात. मग ती हातोहात फिरतात आणि झिजतात. जे जास्त वर्षे फिरले ते जास्त हलके. शिवाय सर्वांच्या नशिबी सारखी झीज येत नाही, म्हणून जुन्या नाण्यांच्या वजनांत आपसांतला फरकही वाढत जातो. तेव्हा एका ठशाच्या नाण्यांची सरासरी आणि त्यांतली तफावत काढली की कोणता ठसा आधीचा हे सांगता येते. हा तर्क खरा आहे की नाही हे पडताळण्यासाठी त्यांनी बाजारात चालू असलेली नाणीही हजारोंनी तोलली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय वाटले असेल कोण जाणे! त्यांचे सगळे निष्कर्ष नाणेतज्ज्ञांनी मान्य केले असे नाही. पण झीज, म्हणजे नाण्यातले वैगुण्य, तोच पुरावा ठरू शकतो, हे त्यांनी दाखवले.

ह्याच माणसाने १९४४ साली आनुवंशिकतेवर एक छोटा निबंध लिहिला. गुणसूत्रावर जनुके माळेतल्या मण्यांसारखी ओळीने असतात. संतती होताना दोन माळा मधेच तुटून एकमेकींना जोडल्या जातात. मणी जितके लांब, तितकी त्यांची ताटातूट अधिक. पण एका जागी माळ तुटली की तिच्या जवळपास पुन्हा तुटण्याचा संभव कमी होतो; उलट लांबवर दोनदा तुटली तर ताटातूट झालीच नाही असे दिसते. म्हणून दिसणाऱ्या ताटातुटीवरून खरे अंतर काढायला सूत्र लागते, आणि ते कोसंबींनी दिले. भात आणि गहू ह्यांच्या जनुकांचे नकाशे करणारे आजही ते त्यांच्या नावाने वापरतात. आणि पुन्हा हेच गृहस्थ १९४८ साली भर्तृहरीच्या नावावरच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ती काढतात, ती पोथ्यांचे पाठभेद ताडून!

आता मघाचा तो दोन पोथ्या समोर ठेवणारा लिपिकार आठवा. अर्धी एका पोथीची, अर्धी दुसरीची अशी त्याची नक्कल, आणि तुटून जोडली गेलेली ही गुणसूत्राची माळ, ह्यांत फरक तो काय? ही केवळ माझी उपमा समजू नका. सजीवांची वंशावळ जनुकांतल्या समान बदलांवरून लावण्यासाठी जीवशास्त्रज्ञांनी संगणकाच्या ज्या रीती बसवल्या, त्याच १९९८ साली इंग्लंडात केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्रज्ञांनी आणि इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मिळून चॉसरच्या कॅंटरबरी कथांतील एका भागाच्या ५८ हस्तलिखितांना लावून पाहिल्या. लिपिकाराने मधेच आपली मूळ पोथी बदलली तर तेही त्यांत ओळखू येते. आणि २०२० ची साथ आपण सर्वांनी भोगली आहे. हा विषाणू कोठून कोठे गेला, कोणती शाखा कोणत्या शाखेतून फुटली, हे ज्या रीतीने उलगडले ती तीच : नक्कल होताना पडलेल्या चुका जुळवायच्या. सुकथनकरांचा तक्ता आणि साथीच्या वंशावळीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवले, तर दोहोंत अक्षरे आणि चौकटीच दिसतील.

कालच्या स्नेह्यांना मी हे सारे सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे कोणाचे काम कोणाच्या उपयोगी पडेल हे आधी कळत नाही?” मी म्हटले, “नाही. भांडारकरांना कळले नव्हते, औंधकरांनाही नाही.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्या माळ्यावर आजोबांची बाडे आहेत. पुष्कळ अशुद्ध आहेत. दिवाळीला रद्दीत घालणार होतो.”

त्यांना जे सांगितले तेच, आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांना सांगतो. पोथी फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवा. ती कोणाकडून आली, कोणत्या गावची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहा. फाटलेल्या पानाला डिंक किंवा चिकटपट्टी लावू नका. आणि त्यात लिपिकाराची चूक दिसली, तर कृपा करून ती दुरुस्त करू नका.