बाळंतिणीचा डबा
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



रेल्वेतल्या माणसाने बाळंतिणीच्या आहारावर बोलावे, याचे काहींना हसू येईल. मी डॉक्टर नाही, डिप्लोमावाला इंजिनिअर. पण या विषयात मी एकदा सपशेल नापास झालो आहे, तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

२०११ साली आमची मुलगी इथे बनारसलाच झाली. सासूबाई नाशिकहून महानगरीने आल्या त्या डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा असा सगळा सरंजाम घेऊन. बारसे आटोपले आणि सासऱ्यांच्या आजारपणामुळे त्यांना लगेच परतावे लागले. घरात डबे भरलेले, म्हणून मी निश्चिंत. ड्यूटीवरून आल्यावर "जेवलीस ना?" विचारायचो, ती "हो" म्हणायची. महिन्याभरात तिला घेरी आली. हिमोग्लोबिन ८ निघाले. सकाळी चहा आणि दुपारी अडीचला गार पोळी, एवढेच तिचे जेवण चालले होते. लाडवांचा डबा अर्धा तसाच! कडेवर बाळ घेऊन फडताळाच्या वरच्या फळीवरून तो ती काढणार कशी? तिथे तो मीच ठेवला होता.

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ते एकट्या लाडवांचे काम नाही. वरण-भात, पालेभाजी, दूध, फळे, चालत असेल तर अंडे, आणि भरपूर पाणी हवे. पाणी कमी पी, डाळ बाधते, असली पथ्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय लादू नयेत. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, आणि चहाबरोबर नाही. आमच्याकडे त्या घरी आल्यावर बंदच पडल्या होत्या.

आम्हाला सावरले ते शेजारच्या चाचींनी. त्या सोंठौरा आणायच्या. सुंठ, गूळ, तूप, सुकामेवा, म्हणजे आपल्या सुंठवड्याचा थोरला भाऊच. पण वाटी ठेवून त्या जात नसत. "पहले तू खा ले," म्हणत बाळ मांडीवर घेऊन बसत. बायको दोन्ही हातांनी जेवायची.

तरुण सहकाऱ्यांना एक सांगतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी आपल्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत घेता येते. काम अडेल म्हणून मी ती घेतली नाही. काम अडले नसते. उलट मीही दोन महिने कॅन्टीनच्या समोशांवर काढले आणि पित्ताने हैराण झालो.

यंदा आपल्यापैकी तीन घरी पाळणा हलणार आहे. दुपारचा डबा कोणत्या वारी कोण देणार, त्याची वही प्रसादाच्या टेबलावर आहे. अळीव हवे असतील तर गोला दीनानाथच्या बाजारात चंद्रशूर म्हणून मागा. डबा देणाऱ्याने ती जेवेपर्यंत बाळ धरायचे, हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहिले आहे. मंगळवारी माझे नाव आहे: वरण-भात आणि मेथीची भाजी, माझ्या हातची.