एवढी एकच लेव्हल!

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सचिवांनी हा विषय दिला तेव्हा म्हणाले, "तुम्ही सॉफ्टवेअरमधले, तुम्हाला सगळं माहीतच असणार." मी बँकांची सॉफ्टवेअरं लिहितो. पण आपल्याकडे कॉम्प्युटरवाला म्हटला की त्याला टीव्हीचा रिमोटही दुरुस्त करता आलाच पाहिजे, तेव्हा नाही म्हणता आलं नाही.

मुलांच्या बंदूकबाजीच्या गेमबद्दल मी बोलणार नाही. त्यावर बोलायला आपण सगळे एका पायावर तयार असतो. आजचा विषय आपण स्वतः आहोत. मेट्रोत रंगीत गोळ्या जुळवणारे, कुकर होईपर्यंत एक डाव खेळणारे, आणि 'गेमर' म्हटलं तर रागावणारे. आपल्याला हे खेळ का सुटत नाहीत? लोक म्हणतात, मजा येते म्हणून. मला ते पटत नाही. मजा येते म्हणून माणूस खेळायला बसतो. उठत नाही तो दुसऱ्याच कारणाने.

१९२८ साली बर्लिनमध्ये मारिया ओव्हसियांकिना या संशोधिकेने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तिने लोकांना कोडी, जुळणी अशी छोटी कामं दिली आणि ती मध्येच थांबवली. मग त्यांना मोकळं सोडलं. कोणी सांगितलं नव्हतं, बक्षीस नव्हतं, तरी बहुतेकांनी ते अर्धवट काम पुन्हा हातात घेतलं. तिची सहकारी ब्लूमा झायगार्निक जास्त प्रसिद्ध आहे. अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात, असं तिने १९२७ मध्ये मांडलं होतं. ते नंतरच्या तपासण्यांत फारसं टिकलं नाही. ओव्हसियांकिनाचं मात्र टिकलं. अर्धवट सोडलेलं पुरं करायला हात शिवशिवतात, हे आपल्या घरातली कोणतीही विणकाम करणारी आजी सांगेल.

आता जुना टेट्रिस आठवा. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तो बनवला. त्यात जिंकणं नाहीच. ठोकळे पडत राहतात, शेवटी आपण हरतो, बोटं दुखतात, उठतो. २०१२ मध्ये आलेल्या कँडी क्रशने इथे हुशारी केली. तुम्हाला पाच जीव मिळतात. हरलात की एक जातो, आणि परत यायला तीस मिनिटं लागतात. म्हणजे बोटं दुखायच्या आत, ऐन रंगात, गेमच तुम्हाला उठवतो. तुमचं काम अर्धवट ठेवून! वाट बघा, मित्राकडे मागा किंवा पैसे भरा. अर्ध्या तासाने आपण भाजी चिरत असलो तरी मनात कुठेतरी घड्याळ चालूच असतं.

त्यात पुन्हा 'थोडक्यात हुकलं'. एकच जेली उरली आणि चाली संपल्या. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये कँडी क्रश खेळणाऱ्यांवर याचा अभ्यास प्रसिद्ध केला. साफ हरण्यापेक्षा थोडक्यात हुकलं की चिडचिड जास्त होते, आणि पुन्हा खेळावंसंही जास्त वाटतं, असं त्यांना आढळलं. मजा आणि ओढ वेगळ्या आहेत असं मी म्हणतो ते यासाठीच. माणूस वैतागलेला असतो आणि तरी खेळत असतो!

आपण तीन गोळ्या जुळवाव्यात आणि वरून पडणाऱ्यांनी आपोआप चार ओळी फुटाव्यात, हेही आहेच. कधी फुटतील ते ठाऊक नसतं. दाणा कितव्या टोचीला पडेल हे ठाऊक नसलं की कबूतर कळ टोचत राहतं, हे स्किनर यांनी फार पूर्वीच दाखवलं.

पण मला खरं कुतूहल वाटतं ते न खेळण्याच्या खेळांचं. यांना 'आयडल गेम' म्हणतात. कुकी क्लिकर हा त्यातला नावाजलेला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये एका फ्रेंच प्रोग्रामरने तो एका रात्रीत लिहिला. पडद्यावर एक भलंमोठं बिस्किट. त्यावर क्लिक केलं की एक बिस्किट मिळतं. पंधरा जमली की एक आपोआप क्लिक करणारा बाण विकत घ्यायचा. शंभर जमली की एक आजी, ती बिस्किटं भाजते. मग शेत, खाण, कारखाना. आपण झोपलो तरी आजी भाजतेच आहे.

आता बँकवाल्याचा हिशेब ऐका. तीच वस्तू पुन्हा घेतली की किंमत पंधरा टक्क्यांनी वाढते. पंधरा टक्के चक्रवाढ म्हणजे दर पाच खरेद्यांना किंमत दुप्पट. पहिला बाण पंधराला, अकरावा साधारण साठला, एकविसावा अडीचशेच्या घरात. प्रत्येक बाण बिस्किटं मात्र तेवढीच आणतो. म्हणून त्याच वस्तूवर थांबलात तर वाट वाढत जाते, आणि बरोबर तेव्हाच पुढची नवी वस्तू खुणावू लागते. शेवट कुठेच नाही. फार साठलं की सगळं पुसून थोड्या वाढीव वेगाने पुन्हा शून्यापासून सुरू करायची सोय आहे, आणि लोक ती आनंदाने घेतात. आपल्यातल्या काहींना हे नोकरी बदलण्यासारखं वाटेल. मी काही बोलत नाही.

या सगळ्याची टर उडवायला इयन बोगोस्ट या अमेरिकन प्राध्यापकाने २०१० मध्ये फेसबुकवर काऊ क्लिकर काढला. एक गाय. दर सहा तासांनी तिच्यावर एकदा क्लिक करायचं. बस! थट्टा म्हणून केलेला हा खेळ हजारो लोक मनापासून खेळू लागले, गायींवर पैसे खर्च करू लागले. कंटाळून बोगोस्टने २०११ च्या सप्टेंबरात सगळ्या गायी गायब केल्या. काही लोक पुढेही रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले.

यावर हसू येतं. पण आमच्या इमारतीतल्या एका काकूंमुळे मी थोडं जपून हसतो. त्यांची परवानगी घेऊन सांगतो. काका गेल्यावर त्या साताऱ्याहून मुलाकडे व्हाइटफील्डला आल्या. चौदावा मजला, कन्नड येत नाही, मुलगा-सून रात्री आठला परतणार. नातवाने फोनवर गोळ्यांचा गेम घालून दिला. वर्षभरात त्या रात्री दोनलाही उठून खेळू लागल्या. मुलगा चिडला, त्याने गेम काढून टाकला. काकू मला म्हणाल्या, "साताऱ्याला सकाळी भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडण व्हायचं. इथे दिवसभरात मला कुणी काही म्हणतच नाही. तो गेम निदान 'स्वीट' म्हणायचा."

मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, रात्री दोनला आई जागी दिसली की कोणीही घाबरेल. पण अर्धवट राहिलेल्या कामाची ओढ अशा माणसाला सर्वांत जास्त लागते, ज्याच्या दिवसात पुरं करायला दुसरं काहीच ठेवलेलं नाही. आपण आईवडिलांना इथे आणतो, त्यांची गोळ्या-औषधं, वायफाय सगळं बघतो. काम मात्र एकही ठेवत नाही.

प्रत्येक खेळणाऱ्याला रोगी ठरवू नका, हेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या यादीत घेतलं. पण स्वतःवर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं, आणि हे सहसा वर्षभर, असे त्याचे निकष आहेत. तसं वाटलं तर आपल्या निम्हान्समध्ये २०१४ पासून याच कामासाठी 'शट क्लिनिक' आहे. तिथे जायला लाजू नका.

शेवटी एका वहिनींनी विचारलं, "सरकारने आता ऑनलाइन गेमवर बंदी आणली ना, मग हे बंद होतील का?" नाही, वहिनी. २०२५ चा कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांसाठी आहे. इथे आपण फक्त भरतो, जिंकत काहीच नाही, त्यामुळे हे खेळ त्या बंदीत येत नाहीत. कँडी क्रशच्या कंपनीने २०१४ मध्ये शेअर बाजारात उतरताना दिलेल्या आकड्यांनुसार पैसे भरणारे महिन्याच्या खेळाडूंपैकी साधारण चार टक्केच होते. घरातलं कोणी त्या चारांत आहे का, ते प्ले स्टोअरच्या खरेदीच्या यादीत दिसतं. तिथेच प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करा. आणि 'तुमचे जीव भरले' अशी आठवण करणारं नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. कोणाला जमलं नाही तर आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलापाशी आहे, फोन घेऊन या. काकूही तिथेच भेटतील. यंदा मोदकांचा हिशेब त्यांच्याकडे आहे.