गृहपाठ : वहीकडून पुस्तकाकडे

गृहपाठ या शब्दात लेखन कुठेच नाही. पाठ म्हणजे वाचणे, म्हणणे, तोंडी करणे. दिवेलागणीला घरोघरी चालणारी परवचा हा मराठी मुलखातला जुना गृहपाठ. पाढे, पावकी-निमकी, श्लोक, सगळे तोंडी. त्यात समजुतीपेक्षा घोकंपट्टी जास्त होती, तेव्हा त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्याला वही लागत नसे आणि चूक काढणारे माणूस घरातच बसलेले असे. छापील पाठ्यपुस्तक आणि लेखी परीक्षा स्थिरावल्या तसा गृहपाठही लेखी झाला. आज माध्यमिक शाळेत मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल या विषयांचा गृहपाठ म्हणजे धड्याखालच्या स्वाध्यायाची उत्तरे वहीत उतरवणे, एवढाच अर्थ शिल्लक आहे.

उतरवणे हेच क्रियापद इथे योग्य. नववी-दहावीची मुले स्वाध्याय सोडवत नाहीत, उतरवतात. गाईडमधून, वरच्या वर्गातल्या ताईच्या वहीतून, शिकवणीत मिळालेल्या झेरॉक्समधून, आणि आता मोबाइलवरून. ऱ्हस्व-दीर्घाची एकच चूक पहिल्या बाकावरून निघून शेवटच्या बाकापर्यंत सुखरूप पोचलेली वह्या तपासणाऱ्याला दिसते. शिक्षकाची बाजूही समजून घ्यावी लागते. तीन तुकड्या, तुकडीत साठ मुले, म्हणजे १८० वह्या. वहीमागे दोन मिनिटे धरली तरी सहा तास. मधली सुट्टी आणि मोकळा तास यांत एवढे बसत नाही. म्हणून कडेला लाल बरोबरची खूण, खाली तारीख, आद्याक्षरी सही आणि ‘पाहिले’ असा शेरा. तो शेरा प्रामाणिक असतो. ‘वाचले’ असे त्यात कोणी म्हणत नाही.

या व्यवहारावर आक्षेप नवा नाही. आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात शाळकरी मुलांच्या दप्तराचा विषय काढला. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक आहे, हा त्या अहवालाचा गाभा. दप्तराचे वजन त्यानंतर अनेकदा मोजले गेले, शासन निर्णयही निघाले. त्याच अहवालातली दुसरी शिफारस मात्र फारशी कोणी उचलली नाही. उच्च प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांत गृहपाठ द्यायचाच झाला तर तो पाठ्यपुस्तकाबाहेरचा असावा, असे समितीने म्हटले होते. तीस वर्षे उलटून गेली, स्वाध्यायाची वही जागची हललेली नाही.

गृहपाठ किती असावा, या प्रश्नाचे उत्तर त्या मानाने सरळ आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास आणि नववीपासून पुढे दिवसाला फार तर दोन तास, अशी मर्यादा आहे. अमेरिकेतील शाळांवरच्या संशोधनाचा हॅरिस कूपर यांनी १९८९ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये आढावा घेतला. गृहपाठाचा यशाशी संबंध प्राथमिक वर्गांपेक्षा माध्यमिक वर्गांत अधिक दिसतो, पण दीड-दोन तासांच्या पुढे फायदा वाढत नाही, असे त्यांना आढळले. संबंध दिसला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, तरीही वरची मर्यादा दोन्हीकडे सारखीच येते. मराठी माध्यमाच्या दहावीत तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे असे सहा विषय धरले, तर दोन तासांत एकेका विषयाच्या वाट्याला वीस मिनिटे येतात. मराठी आणि सामाजिक शास्त्रांची मिळून चाळीस. चाळीस मिनिटांत स्वाध्यायाची तीन उत्तरे उतरवून होतात. त्याच वेळात पुस्तकाची दहा-बारा पाने वाचून होतात. आठवड्यातून चार दिवस असे वाचले तरी एखादी लहानखुरी कादंबरी महिन्याभरात संपते. मानव्यविद्यांच्या शिक्षकाने या दोहोंतून एकाची निवड करायची आहे, आणि ती निवड पुस्तकाच्या बाजूने व्हावी, हे या भाषणाचे म्हणणे.

प्रकल्प नावाची गोष्ट शाळांत आहेच, असे यावर सांगितले जाईल. आहे, आणि तिचे रूपही ठरलेले आहे. स्प्रिंग फाईल, पहिल्या पानावर चमकीच्या पेनाने लिहिलेले शीर्षक, स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा समाजसुधारकांचा चित्रतक्ता कापून चिकटवलेला, प्रस्तावना, ऋणनिर्देश, निष्कर्ष. ऋणनिर्देशात मुख्याध्यापकांपासून आईवडिलांपर्यंत सर्वांचे आभार असतात. फक्त कोणते पुस्तक वाचले, ते नसते. फाईल वर्षअखेरीस कपाटावर जाते आणि तिचे गुण अंतर्गत मूल्यमापनात जमा होतात. या गुणांची दहावीच्या निकालाला केवढी सवय झाली होती ते २०१९ मध्ये दिसले. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे वीस अंतर्गत गुण त्या परीक्षेपुरते काढून घेतले गेले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता, कृतिपत्रिकेचे स्वरूपही बदलले होते, त्यामुळे सगळी घसरण त्या वीस गुणांच्या माथी मारता येत नाही. गुण पुढच्याच वर्षी परत आले. ते असावेतच. मात्र ते फाईलच्या सुबकपणाला मिळावेत की वाचनाला, हे ठरवणे शाळेच्या हातात आहे.

वाचनप्रकल्प म्हणजे काय ते एका पुस्तकावरून स्पष्ट होईल. आठवीच्या इतिहासात १८५७ चा लढा आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक घरातले कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल या आशेने त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले आणि सापडले बंडाच्या ऐन धुमाळीत. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा ते झाशीत होते. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी हे सगळे लिहून काढले. ‘माझा प्रवास’ या नावाने ते पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. वैद्यांनी मजकुरात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्याच्या हाती हे पुस्तक पाच-सहा आठवड्यांसाठी दिले तर त्याला वहीची फक्त दोन पाने लागतात. एका पानावर नकाशा. वरसई, महू, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी ही ठिकाणे, मधल्या नद्या, आणि पायी चालणाऱ्या माणसाला वाटेत काय आडवे येते ते. इथे भूगोल आपोआप होतो. दुसऱ्या पानावर तीन रकाने : गोडश्यांनी स्वतः पाहिले ते, दुसऱ्याकडून ऐकले ते, आणि यातले नेमके कोणते हे कळत नाही ते. झाशीच्या राणीचा दिनक्रम कोणत्या रकान्यात? दूरच्या लढाईची हकिकत कोणत्या? झाशी पडल्यावर तिथल्या ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस? तिसरा रकाना भरू लागला की इतिहासाचे साधन म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही. नववीच्या पुस्तकात ‘इतिहासाची साधने’ हा पहिलाच पाठ आहे. तो पाठ करून गुण मिळतात, पण साधनावर शंका घ्यायची सवय या तिसऱ्या रकान्यात लागते. चौकस मुलांना पुढचा प्रश्न द्यावा : वैद्यांनी मजकूर का बदलला असेल?

सगळ्या मुलांना दीडशे-दोनशे पाने झेपत नाहीत, आणि त्यात कमीपणाही नाही. अशांसाठी छोटे पण कसदार साहित्य मराठीत आहे. जोतिराव-सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. लिहिणारी चौदाएक वर्षांची, म्हणजे आजच्या नववीच्या मुलीएवढी. मजकूर थोडक्या पानांचा. वर्गात ‘निबंध’ या शब्दाला ‘मी पक्षी झालो तर’ची सवय लागलेली असताना, त्याच वयाच्या मुलीने युक्तिवाद करत, जाब विचारत निबंध लिहिला होता, हे मुलांनी स्वतः वाचून पाहायला हवे. इथे गृहपाठ एकच : तिने मांडलेले मुद्दे क्रमाने सांगायचे आणि त्यातला सर्वांत बिनतोड कोणता ते ठरवायचे.

पुस्तके निवडताना मोठी यादी करू नये. याद्या नोटीस बोर्डावर राहतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, दया पवारांचे ‘बलुतं’ (यातला भाग शिक्षकाने वय पाहून निवडावा), अशी आठ-दहा पुस्तके पुरेत, पण त्यांतले प्रत्येक पुस्तक शिक्षकाने स्वतः अलीकडे वाचलेले असावे. ‘बनगरवाडी’चे उदाहरण घ्यावे. धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर हा तिचा निवेदक. माणदेशाचा दुष्काळ भूगोलात पर्जन्यछायेच्या एका ओळीत संपतो, तो इथे वस्ती उठेपर्यंत चालतो.

तपासणी हा सगळ्यात अडणारा भाग. लेखी सारांश मागितला की पुन्हा उतरवणे सुरू. मोबाइलवर आता कोणत्याही पुस्तकाचा सारांश मागाल त्या शब्दमर्यादेत मिळतो, आणि तो शुद्ध मराठीत असतो हेच त्याचे पहिले लक्षण. त्यावर बंदी घालून उपयोग नाही. तपासणी तोंडी करावी. विद्यार्थ्यामागे पाच मिनिटे, पुस्तक टेबलावर. प्रश्न साधे : गोडसे घरी परतले तेव्हा त्यांच्यापाशी काय उरले होते? कोणती गोष्ट तुला खरी वाटली नाही? ते पान काढून दाखव. पान शोधताना हात कसा चालतो त्यावरूनच पुष्कळ कळते. न वाचलेले मूल अनुक्रमणिका उघडते. वाचलेले मूल मधूनच उघडून दोन पाने मागे जाते. साठ मुलांच्या वर्गाचे गणितही बसते. आठवड्याला एक तासिका, तीत सहा मुले, दहा आठवड्यांत वर्ग संपतो. उरलेली मुले त्या तासात आपापले पुस्तक वाचत बसतात. १८० वह्यांच्या सहा तासांपेक्षा हे काम हलके आहे आणि न वाचता शेरे मारावे लागत नाहीत.

पुस्तके आणायची कुठून, हा प्रश्न खेड्यातल्या शाळेत खरा आहे, पण वाटतो तेवढा अवघड नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि शासनमान्य वाचनालये गावोगावी आहेत. त्यांतल्या पुष्कळांत दुपारी एक ज्येष्ठ नागरिक आणि वर्तमानपत्रे एवढेच असते. शाळेने वाचनालयाशी बोलून सहामाहीसाठी पन्नास पुस्तके उसनी घेतली तर कुणाचे काही जाणार नाही. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर खुले केले आहेत. त्यांतून धीम्या वाचकांसाठी निवडक मजकूर छापून घेता येतो. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आहेच, पण त्या दिवशी तासभर पुस्तके हातात धरून काढलेला फोटो हा काही वाचनप्रकल्प नव्हे.

शाळेच्या ग्रंथालयाची गोष्ट शेवटी. बहुतेक शाळांत ते म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले काचेचे कपाट. पुस्तक हरवले तर भरून कोण देणार, या धास्तीने त्याला कुलूप असते. या संमेलनास आलेल्या प्रत्येक शिक्षकास एकच विनंती. दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ देण्याआधी ते कपाट उघडावे, आणि एक पुस्तक हरवण्याची तयारी ठेवून बाकीची मुलांच्या हातात द्यावीत.