रोबो, सर्जन आणि त्यांच्या आधीची माणसं



रोबोटिक शस्त्रक्रियेचं तुम्हा विद्यार्थ्यांना आकर्षण वाटतं, ते रास्तच आहे. सर्जन रुग्णापासून थोड्या अंतरावर कन्सोलपाशी बसतो, पोटातलं दृश्य त्रिमितीत आणि मोठं करून पाहतो, त्याच्या बोटांची हालचाल बारीक अवजारांपर्यंत पोहोचते आणि हाताचा कंप वाटेतच गाळला जातो. तरीही प्रत्यारोपण सर्जन व्हायचं असेल तर यंत्राकडे सगळ्यात शेवटी पाहा, असं मी म्हणेन. हे क्षेत्र हाताच्या कसबाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, औषधं, कायदा आणि समाजाचा विश्वास यांवर उभं आहे.

पुरावा आपल्याच राज्यात आहे. डिसेंबर 1967 मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं आणि तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला. देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला ऑगस्ट 1994 उजाडला. ते दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. मधली 26 वर्षं आपल्याकडे कुशल हात नव्हते, असं कोण म्हणेल? शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून लागणारं सायक्लोस्पोरिन हाताशी आलं 1980 च्या दशकात. मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यूच, हे आपल्या कायद्याने मान्य केलं 1994 मध्ये. सेनांचे हात काळाच्या पुढे होते, बाकी सगळं मागे होतं.

मग रोबो हवा कशाला, असं कोणी विचारेल. मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात, त्यामुळे मोठी जखम चिघळली तर जिवावर बेतू शकतं. लठ्ठ रुग्णात हा धोका आणखी वाढतो. छेद लहान असण्याचं मोल इथे आहे. यंत्र कोट्यवधींचं, गरिबाला ते कसं परवडणार, हा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि मला तो मान्य आहे. एसएसआय मंत्रासारखी भारतीय यंत्रं आली आहेत, त्यांनी खर्च उतरावा. पण उघड्या शस्त्रक्रियेनेही मूत्रपिंड उत्तम बसतं. ती पक्की आल्याशिवाय कुणी कन्सोलवर बसू नये, कारण रक्तस्राव आवरेना झाला की रोबो बाजूला सारून पोट उघडावंच लागतं, आणि तो निर्णय यंत्र घेत नाही.

हे सारं महानगरांचं, आपल्या मराठवाड्याचा त्यात वाटा काय, असंही वाटेल. जानेवारी 2016 मध्ये मराठवाड्यातूनच एका मेंदूमृत तरुणाचं हृदय विमानाने मुंबईला गेलं. बाहेर काढलेलं हृदय साधारण चार ते सहा तासच टिकतं. तेवढ्यात डॉक्टरांची पथकं, रुग्णवाहिका, पोलिसांनी मोकळा ठेवलेला रस्ता आणि विमान यांचा मेळ बसावा लागतो. त्याही आधी, शोकात बुडालेल्या एका कुटुंबाने होकार दिला होता. मृत्यूनंतर अवयवदान करणारे भारतात दहा लाख लोकसंख्येमागे एकही भरत नाहीत. स्पेनमध्ये ते चाळीसहून अधिक आहेत. हे अंतर कोणताही रोबो कापू शकणार नाही. आपल्याकडे जिवंत दात्यांवर, त्यातही बहुसंख्येने स्त्रियांवर, भार पडतो, याचं कारणही काही अंशी हीच कमतरता आहे.

ज्यांना सर्जन व्हायचंय त्यांनी एमबीबीएसची साडेपाच, एमएसची तीन आणि एमसीएचची तीन वर्षं मनात धरून निघावं. प्रत्यारोपणाचं खास प्रशिक्षण त्यानंतर. पण कला आणि वाणिज्यच्या मुलांनो, प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयात समन्वयक असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी त्यालाच बोलावं लागतं. समाजकार्य शिकलेली, मराठवाड्याच्या बोलीत बोलणारी माणसं या कामाला हवी आहेत. तुमच्यातल्या काहींनी त्यासाठी पुढे यावं, एवढंच मागायला मी इथे उभा आहे.