पाळी चुकल्यावर

(बीड येथील युवक शिबिरात केलेले भाषण)



पत्रिकेवर माझा विषय छापलाय 'महिलांचे आरोग्य आणि आपली चळवळ'. असलं गुळमुळीत नाव मी दिलं नव्हतं. माझा विषय आहे पाळी चुकणं. मागच्या रांगेत खसखस पिकली ती ऐकली मी. हसा. पण तुमच्यातल्या किती जणांनी एखाद्या पोरीला नुसतं "आली का?" विचारत आठवडा काढलाय, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. तिनं तो आठवडा कसा काढला ते मात्र ठाऊक नसतं.

मी सांगते. मी नर्स आहे, याच जिल्ह्यातली. पोरगी दिवसातून दहादा मोरीत जाऊन बघते. ओटीपोटात जरा कळ आली की तिला बरं वाटतं. कच्ची पपई खाते, तीळ-गूळ खाते, ओव्याचा काढा पिते, दोरीवरच्या उड्या मारते. यानं पाळीही येत नाही आणि दिवस गेलेले असतील तर गर्भही पडत नाही. जातो तो वेळ.

मग कुणीतरी शहाणं तिला सांगतं, "टेन्शन घेतलंस ना, म्हणून लांबली." हे खरंय, पण अर्धंच. नीट ऐका, शाळेत हा धडा मास्तरांनी गाळला होता. मेंदू अंडाशयाला हुकूम सोडतो, मग बीज सुटतं. बीज सुटल्यावर साधारण चौदा दिवसांनी पाळी येते. परीक्षा, उपास, मारझोड, ताप, पोटाला कमी आणि अंगाला काम जास्त, यातलं काहीही झालं की मेंदू तो हुकूमच उशिरा सोडतो. बीज उशिरा सुटलं की पाळी उशिरा. पण बीज एकदा सुटून गेल्यावर कितीही घोर लावून घेतला तरी पाळी फारशी मागं सरकत नाही. म्हणजे संबंध आलेला असेल आणि पाळी चुकली असेल, तर 'टेन्शन' म्हणून महिना काढायचा नाही. लघवी तपासायची.

पट्टी मेडिकलवर मिळते, आशाताईकडं 'निश्चय' नावाची फुकट मिळते. पाळीची तारीख उलटल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाकायचे. एक रेघ आली आणि तरी पाळी नाही, तर आठवड्यानं पुन्हा बघायचं. दोन रेघा म्हणजे दिवस गेलेत. एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे, पण मेडिकलवाला ती पट्टी कागदात गुंडाळून गांजाची पुडी दिल्यागत हातावर ठेवतो. आणि आपले क्रांतिकारक भाऊ ती आणायला पोरीलाच पाठवतात.

दुसरी भानगड गोळ्यांची. '७२ तासांतली' गोळी म्हणजे गर्भ पाडायची गोळी नव्हे. ती बीज सुटणं लांबवते, म्हणून जितकी लवकर घ्याल तितकी बरी. तिच्यानंच पाळी आठवडाभर मागंपुढं होते, आणि मग नवी भीती. आणि काउंटरवरून मागून आणतात त्या 'पाळी आणायच्या' गोळ्या? दिवस गेलेले नसतील तर बऱ्याचदा पाळी येते. गेले असतील तर त्यांनी गर्भ पडत नाही. हा खेळ जुना आहे. पूर्वी हार्मोनच्या जबर डोसाच्या गोळ्या अशाच 'गर्भ आहे का बघू' म्हणून बायांच्या तोंडात कोंबायचे. १९८२ साली त्यांच्यावर बंदी आली, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि बायांच्या संघटनांना १९८८ पर्यंत भांडावं लागलं.

हे झालं हॉस्टेलातल्या पोरीचं. तिच्याजवळ निदान मोरी आहे, दार आहे, कडी आहे. आता फडात चला. माझी माय कोयत्यावर जायची, म्हणून सांगते. एक कोयता म्हणजे नवराबायको मिळून. एकट्या गड्याला उचल मिळत नाही, म्हणून सोळाव्या वर्षी पोरीचं लग्न लावून कोयता पुरा करायचा. दसरा-दिवाळीला टोळी निघते. कोपीला दार नाही, संडास नाही, धुवायला पाणी नाही. पाळी आली तर फडक्यावर भागवायचं. पोट धरून एक दिवस बसली तर खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर पाचशेचा दंड, उचलीतून वळता. पाळी नाही आली तर त्याहून वाईट. पोटात पोर घेऊन पट्टा पडेस्तोवर डोक्यावर मोळ्या वाहायच्या. आली तरी मरण, चुकली तरी मरण. तिथं दिवस मोजणारं एकच माणूस, मुकादम. तो खाड्याचे मोजतो.

या कोंडीत दवाखान्याचा माणूस सांगतो, "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल, काढून टाक." अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्यावर पिशवी. बाईलाही वाटतं, सुटले एकदाची. जून २०१९ मध्ये सरकारनंच विधान परिषदेत आकडा दिला : बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या, त्याही खासगी दवाखान्यांत. पुढं नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड बाया, त्यातल्या १३,८६१ जणींना पिशवी नाही. सहातली एक. पिशवीबरोबर बीजकोशही काढला की तिशीतल्या बाईच्या अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात, मोळी उचलवत नाही. ज्या मजुरीसाठी पिशवी दिली ती मजुरीही जाते. आणि तिला खरं लागत होतं काय? निरोध, तांबी, एखादी गोळी, तपासायची पट्टी, चार दिवसांची सुट्टी. यातलं काहीच त्या फडात पोचत नाही, आणि नवऱ्याची नसबंदी म्हटलं तर गडी म्हणतो, मला ऊस तोडायचाय. जशी काय बाई हुरडा खायला गेलीय!

याच जिल्ह्यात २०१२ साली परळीला एका खासगी दवाखान्यात गर्भपात करताना बाई मेली. पोटात पोरगी आहे बघून गर्भ पाडायचा धंदा उघडा पडला. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये हजार पोरांमागं सहा वर्षांखालच्या पोरी होत्या ८०७. त्या धंद्याला बेड्या पडायलाच हव्या होत्या. पण मागाहून झालं असं, की साधा कायदेशीर गर्भपात मागणाऱ्या बाईकडंही लोक खुनी म्हणून बघायला लागले, डॉक्टर टाळायला लागले, मेडिकलवाल्यांनी गोळ्या ठेवणं बंद केलं. दोन कायद्यांची गल्लत आहे ही. लिंग तपासायला बंदी आहे, १९९४ च्या कायद्यानं. गर्भपाताला मुभा आहे, १९७१ च्या कायद्यानं. मुलगी म्हणून पाडणं वेगळं, आणि मला आत्ता आई व्हायचं नाही हे वेगळं.

काही जण म्हणतील, जातीचे प्रश्न पडलेत आणि ही बाई चिंध्यांवर बोलतेय. त्यांना एक आठवण देते. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'वरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, कोर्टात त्यांची बाजू बाबासाहेबांनी लढवली. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तो बाबासाहेबांनी तयार केलेला. ते हजर नव्हते म्हणून पी. जे. रोहम यांनी मांडला. ठराव पडला. १९४२ ला नागपुरात बायांच्या परिषदेत त्यांनी पोरींना तोंडावर सांगितलं, लग्नाची घाई नको, पोरांचं लेंढार नको. त्यांना लाज वाटली नाही. तुम्हाला कसली वाटते?

आता कायदा, वहीत लिहून घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि साधनं फसली हे कारण लग्न न झालेल्या बाईलाही चालतं. बलात्कार, अल्पवयीन मुलगी अशा काही कारणांना चोवीस आठवडे, दोन डॉक्टर. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं अविवाहितेलाही त्या चोवीसमध्ये धरलं. अठरा वर्षं पुरी असतील तर सही फक्त तिची. नवऱ्याची नाही, बापाची नाही, मित्राची नाही. अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते. तिचं नाव बाहेर फोडलं तर शिक्षा आहे. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत, तोही डॉक्टरला दाखवून. कारण गर्भ नळीत अडकला असेल तर त्या गोळ्या कामाच्या नाहीत, आणि अंगात रक्त कमी असलं तर रक्तस्राव जिवावर बेततो. सरकारी दवाखान्यात हे फुकट आहे. अंबाजोगाईला मेडिकल कॉलेज आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे.

दारापाशी मी पट्ट्यांचा खोका ठेवलाय. कागदात गुंडाळलेल्या नाहीत. पोरांनी आधी घ्या.