नांवाची हमी : आंबा आणि गांजा

देवगडच्या बागाइतदारास नांवाचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं. हापूसची कोय पेरली तर तिच्यांतून हापूसच निपजेल असा भरंवसा नसतो; म्हणून तो जातिवंत झाडाची काडी घेऊन कलम बांधतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच रंग व तोच सुवास हातीं येतो. कोंकणच्या हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकनाचें कायदेशीर संरक्षणही मिळालें. नांव आणि वस्तु यांची अशी गांठ जेथें पडलेली नसते, तेथें काय घडतें हें गांजाच्या झाडावरून दिसून येतें.

या झाडास स्वीडनच्या लिनीअस या शास्त्रज्ञानें १७५३ सालीं ‘कॅनाबिस सॅटिव्हा’ असें नांव दिलें. ‘सॅटिव्हा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लागवडीची’ एवढाच आहे. पुढें १७८५ मध्यें फ्रान्सच्या लामार्कनें हिंदुस्थानांतील नमुन्यांवरून ‘इंडिका’ ही निराळी जात मानली. व्यापाऱ्यांनीं मात्र या शब्दांना गुण चिकटविले : उंच, निमुळत्या पानांची ती सॅटिव्हा, आणि ती उल्हास देते, ठेंगणी, रुंद पानांची ती इंडिका, आणि ती सुस्ती आणते.

या झाडांत नर व मादी वेगळीं असतात. मादक चीक मुख्यतः मादीच्या फुलोऱ्यावरील सूक्ष्म केसांत सांठतो. बीं धरलें कीं माल हिणकस होतो, म्हणून जुने शेतकरी नर झाडें शोधून उपटून टाकीत. ब्रिटिश अमदानींत अहमदनगर जिल्ह्यांत ही शेती होत असे. १८९३-९४ सालीं सरकारनें नेमलेल्या चौकशी-समितीनें बेताच्या सेवनानें सहसा मोठा अपाय होत नाहीं, अतिरेक मात्र घातक ठरतो, असा निष्कर्ष काढला. परंतु झाडांतील मुख्य मादक द्रव्य कोणतें, हें त्या वेळीं ठाऊक नव्हतें. १९६४ सालीं इस्राएलांत गाओनी व मेशूलम यांनीं तें शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. त्यालाच आज टीएचसी म्हणतात. गेल्या कांहीं दशकांत निवडक वाणांत त्याचें प्रमाण पुष्कळ वाढविण्यांत आलें आहे. जुन्या समितीचा दिलासा आजच्या मालास जसाच्या तसा लावणें म्हणूनच धोक्याचें आहे.

स्वाद हा निराळाच विषय. लिंबासारखा किंवा देवदारासारखा वास सुगंधी तेलांमुळें येतो, टीएचसीमुळें नव्हे. हापूसच्या सुवासांत प्रामुख्यानें आढळणारें ओसिमीन हें द्रव्य गांजाच्या कांहीं वाणांतही असतें. मधुर वासावरून सौम्य नशेचा अंदाज बांधणें व्यर्थ आहे.

परिणामही सर्वांस सारखा होत नाहीं. एकास हंसूं येतें व भूक लागते. दुसऱ्याची छाती धडधडते, भीति दाटते, आतांच ऐकलेलें आठवत नाहीं. धुराचा अंमल कांहीं मिनिटांत चढतो. पोटांत घेतलेल्याचा तास-दोन तासांनीं, आणि तेवढ्यांत अधीर माणूस आणखी घेऊन बसतो. कोवळ्या वयांत तीव्र गांजा वारंवार घेणारांस मनोविकृतीचा धोका अधिक असतो.

मग नांवांवर किती विसंबावें? कॅनडांतील संशोधकांनीं २०१५ सालीं अशा वाणांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली. शेंकडा ३५ बाबतींत नमुना आपल्याच नांवाच्या दुसऱ्या नमुन्यापेक्षां भलत्याच नांवाच्या नमुन्याशीं अधिक मिळताजुळता निघाला. परवानगी असलेल्या देशांतील मालाची ही स्थिति. मग चोरट्या पुडीविषयीं बोलावयास नकोच. आपल्याकडे तर परवान्यावांचून नुसती लागवड केली तरी १९८५ च्या कायद्यान्वयें दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

शिक्षणासाठीं पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलानें सुटींत घरीं येऊन ‘सॅटिव्हा सौम्य असते’ असें म्हटलें, तर वडील मंडळींनीं नुसतें रागावून भागणार नाहीं. त्या शब्दाचा अर्थ ‘लागवडीची’ एवढाच आहे, आणि त्यावरून पुडींत काय आहे हें विकणाराही सांगूं शकत नाहीं, हें त्याला शांतपणें समजावून देतां आलें पाहिजे.