वर्ग सुटला, पुढे काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



शिवणवर्गाचा किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा निकाल ऐकला की आपण टाळ्या वाजवतो. वाजवाव्यातच. पण त्या निकालाचा हिशेब एकदा नीट पाहा. समजा, वर्गात २० मुली आल्या, परीक्षेला १२ बसल्या आणि बाराही जणी उत्तीर्ण झाल्या. निकाल शंभर टक्के! मग उरलेल्या ८ जणी कोठे गेल्या?

पोलादपूरकडच्या डोंगरवाडीतून महाडला यायचे तर सारा भरवसा एस. टी. वर. पावसाळ्यात दरड आली की वाट बंद. लावणीला घरी हात हवे असतात. कोणाचे लग्न ठरते, कोणाचे बिऱ्हाड मुंबईस जाते. जुलै २०२१ मध्ये तर महाड शहरच पुराच्या पाण्याखाली गेले. हजेरीपटावर मात्र या साऱ्यांपुढे एकच शेरा पडतो : 'घरगुती अडचण'. कारणच कळले नाही, तर उपाय कसा सुचणार? एकीला गाडीची वेळ सोयीची हवी असते, दुसरीला तान्हे मूल सांभाळणारे कोणीतरी.

शिकाऊ उमेदवारांचेही तसेच. १९६१ च्या कायद्याने कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकण्याची सोय झाली. महाडला औद्योगिक वसाहत असल्यामुळे ही गोष्ट आपल्या दाराशीच आहे. परंतु तो कायदा उमेदवाराला शिकणारा मानतो, कामगार नव्हे. आणि मुदत संपल्यावर तेथेच नोकरी मिळेल, अशी हमी देत नाही. तेव्हा 'उमेदवारीला लागली' म्हणजे 'मार्गी लागली' असे समजून वही मिटू नये. उलट, वर्ग अर्ध्यावर सोडलेली एखादी घरी झबली-परकर शिवून चार पैसे मिळवीत असेल. तिला वाया गेलेली कसे म्हणावे?

म्हणून मंडळाने एक वही घालावी. तीत पहिल्या दिवशी आलेल्या प्रत्येकीचे नाव असावे. सोडून गेली तर कारण तिच्याच शब्दांत लिहावे. सहा महिन्यांनी, वर्षाने आणि तीन वर्षांनी विचारावे : काय करतेस? शिकलेले उपयोगी पडते का? हाती किती येते? पुन्हा यावेसे वाटते का? हे तिच्या संमतीने विचारावे, आणि वही चारचौघींत वाचू नये.

हे काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे. हळदीकुंकवाला आपण घरोघर जातोच. जाताना ही विचारपूसही करू या. पुढच्या वर्धापनदिनी उत्तीर्ण झालेल्यांबरोबर, सोडून गेलेल्यांपैकी किती जणी परत आल्या, हेही अहवालात वाचता यावे, एवढीच माझी विनंती.